पैशाचे गोत्र

नवरात्र संपते न संपते तोच आपल्या दाराची कडी वाजू लागते. कधी गल्लीतल्या मंडळाची पोरे, कधी वृद्धाश्रमाचे चिटणीस, कधी गोशाळेचे प्रचारक, कधी अंध मुलांच्या शाळेसाठी पणत्या विकणाऱ्या दोन मुली. प्रत्येकाच्या हातात पावतीपुस्तक असते. आपण आतून पाकीट आणतो, शंभराची नोट देतो, पावती घेतो, आणि ती पावती दोन दिवसांत रद्दीत जाते. दिलेल्या पैशाचे पुढे काय झाले हे विचारणे आपल्याला असंस्कृतपणाचे वाटते. दान द्यावे आणि मागे वळून पाहू नये, असे आपल्याला आजीने शिकवलेले असते.

सरकारला अशी आजी नसते. त्याला मागे वळून पाहावेच लागते, आणि त्याने पाहावे हेच बरे. फक्त ते नेमके काय पाहते हे आपणही अधूनमधून पाहिले पाहिजे. संस्थेचा पैसा कुठे गेला, हा एक प्रश्न. तो कुठून आला, हा दुसरा. आणि पैसा घेणाऱ्याच्या मनात काय चालले आहे, हा तिसरा. पहिल्या दोहोंची उत्तरे बहुधा वहीत सापडतात. तिसऱ्याचे उत्तर कुठल्याच वहीत नसते. पण वही मागण्याच्या निमित्ताने हाच प्रश्न कितीदा विचारला गेला, हे गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत डोकावले तर ध्यानात येते. हा शत्रुराष्ट्राचा हस्तक, ही अतिरेक्यांची शाळा, असे शिक्के संस्थांवर बसत आले आहेत. त्यांतले काही खरे होते, काही खोटे, आणि काही कधी तपासलेच गेले नाहीत. आमच्या सातारा-सांगलीकडच्या आणि आसपासच्या काही हकीकती यंदा सांगाव्यात असे मनात आहे.

पहिल्या प्रश्नाची व्यवस्था आपल्याकडे चांगली जुनी आहे. मुंबई सरकारने १९४८ साली न्यायमूर्ती तेंडोलकर यांची समिती नेमली आणि पुढे १९५० चा मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा झाला. (आता त्याच्या नावात मुंबईच्या जागी महाराष्ट्र आले आहे.) देऊळ असो, वाचनालय असो, व्यायामशाळा असो की इस्पितळ, सार्वजनिक न्यासाची नोंद धर्मादाय आयुक्तांच्या कचेरीत झाली पाहिजे, दरसाल हिशेब तपासून घेतले पाहिजेत, विश्वस्त बदलला की फेरफाराचा अर्ज गेला पाहिजे, आणि जागा विकायची तर आधी परवानगी काढली पाहिजे. ज्याने एखाद्या छोट्या संस्थेचे चिटणीसपद दोन वर्षे भूषवले आहे त्याला या कचेऱ्यांतली बाके पाठ असतात. आजोबा वारतात, त्यांच्या जागी बाप येतो, बापही थकून निवृत्त होतो, आणि आजोबांचा फेरफार अजून मंजूर व्हायचाच असतो.

हे सारे कंटाळवाणे आहे खरे. पण या कंटाळ्यात एक मोठा गुण आहे. इथे नोटीस येते, तारीख पडते, समोरच्याचे म्हणणे ऐकून घ्यावे लागते, निकाल कारणांसह कागदावर उतरतो, आणि तो पटला नाही तर वर अपील करता येते. मुख्य म्हणजे, दोषी विश्वस्ताला काढून टाकून संस्था शाबूत ठेवण्याची सोय या कायद्यात आहे. विहिरीत कोणी घाण टाकली म्हणून विहीर बुजवत नाहीत, टाकणाऱ्याला धरतात आणि पाणी उपसतात, तसे.

दुसरा प्रश्न समजून घ्यायचा तर मान वर करावी लागेल. साताऱ्याच्या पेठांतून आणि सांगलीच्या गावभागातून जी जुनी घरे अजून तग धरून आहेत, त्यांतल्या कितीतरींवर मंगलोरी कौले दिसतात. या कौलांचा कारखाना मंगळूरला १८६५ साली निघाला. तो कोणा शेटजीने नव्हे, एका धर्मादाय संस्थेने काढला. तिचे नाव बासेल मिशन. मिशन स्वित्झर्लंडातल्या बासेल शहरचे, पण त्यातले पाद्री बरेचसे जर्मन. १८३४ साली ते मंगळुरात आले आणि पुढे धारवाड-हुबळीपर्यंत, म्हणजे आपल्या उंबऱ्याशी येऊन पोहोचले. बाटलेल्या माणसाला जातीने बाहेर टाकले की त्याच्या पोटाचे काय, म्हणून त्यांनी माग चालवले, कौलांच्या भट्ट्या घातल्या. खाकी रंगाचे कापड प्रथम त्यांच्याच कारखान्यात रंगले असे सांगतात. कन्नडचा थोर कोश १८९४ साली सिद्ध करणारे किट्टेल हे याच मिशनचे. भाषेचा मास्तर असल्यामुळे मला कौलांपेक्षा कोशाचे कौतुक अधिक, हे उघड आहे.

१९१४ साली महायुद्ध पेटले आणि हे मिशन पाहता पाहता शत्रूचे ठरले. जर्मन पाद्र्यांना पकडून अहमदनगरच्या छावणीत आणून ठेवले. (त्या शहराचे नाव आता अहिल्यानगर आहे.) पुढे स्त्रिया-मुले आणि पुष्कळसे पाद्री ‘गोलकोंडा’ नावाच्या बोटीने मायदेशी रवाना झाले. मिशनचे कारखाने सरकारने ताब्यात घेतले आणि युद्धानंतर ते कॉमनवेल्थ ट्रस्ट या ब्रिटिश कंपनीकडे गेले. आता त्या पाद्र्यांत कैसरची बाजू घेणारा कोणीच नसेल असे नाही. आणि लढाई चालू असताना सरकारने डोळे मिटून बसावे असेही कोणी शहाणा म्हणणार नाही. पण कौलांच्या भट्टीवर राबणाऱ्या माणसाने कैसरचे नाव तरी ऐकले होते की नाही कोण जाणे. मिशनच्या फाटकावर पहारा द्यायला जो शिपाई उभा राहिला असेल, त्याच्या अंगावर खाकीच असणार!

त्याच वेळी मिरजेत काय चालले होते? तिथेही परदेशी मिशनच होते. कॅनडात जन्मलेले डॉ. विल्यम वानलेस हे अमेरिकेतल्या प्रेस्बिटेरियन मंडळींच्या वतीने आलेले, आणि त्यांनी १८९४ साली मिरजेत इस्पितळ उभे केले. पैसा सातासमुद्रापलीकडचा, धर्म परका, वॉर्डात सकाळी प्रार्थना होई ती येशूची. दक्षिण महाराष्ट्रातून आणि कर्नाटकातून बैलगाड्या भरून रोगी येत. सोवळ्यातली म्हातारी मोतीबिंदू काढून घेई आणि घरी जाऊन पाणी शिंपडून शुद्ध होई, अशा कथा आमच्याकडे जुन्या घराघरांतून ऐकायला मिळतात. सांगली आणि मिरज यांच्यामधल्या वानलेसवाडीला आजही त्यांचेच नाव आहे. या मिशनच्या दाराला कोणी कुलूप लावले नाही. उलट १९२८ साली वानलेस यांना ‘सर’ ही पदवी मिळाली. मंगळूरचे आणि मिरजेचे मिशन यांत फरक काय होता? दोन्हीकडे बायबल होते, दोन्हीकडे परदेशी वर्गणी होती, दोन्हीकडे इथल्या गोरगरिबांचे भले होत होते. अमेरिका आधी तटस्थ राहिली आणि १९१७ साली इंग्रजांच्या बाजूने उतरली. जर्मनी समोर उभी होती. पैशालाही गोत्र असते ते असे, आणि ते देणाऱ्याच्या हेतूवरून नव्हे, त्याच्या मुलखावरून ठरते.

इथवर वाचून कोणी म्हणेल, प्राध्यापकमहाशय परदेशी पैशाची वकिली करीत आहेत. तसे मुळीच नाही. आमच्या वाङ्मयाच्या प्रांतातलेच उदाहरण देतो. दुसऱ्या महायुद्धानंतर ‘काँग्रेस फॉर कल्चरल फ्रीडम’ नावाची एक मोठी संस्था युरोपात निघाली. कलावंताच्या आणि विचारवंताच्या स्वातंत्र्याचा ती पुरस्कार करी. १९५१ साली तिची परिषद मुंबईत भरली. मुंबईहून ‘क्वेस्ट’ नावाचे एक उत्तम इंग्रजी नियतकालिक तिच्या आश्रयाने निघू लागले. त्यात लिहिणारी माणसे तोलामोलाची होती, त्यांची मते त्यांची स्वतःची होती. आणि १९६६-६७ साली अमेरिकेतल्याच वृत्तपत्रांनी उजेडात आणले की या संस्थेला अमेरिकेच्या गुप्तहेर खात्याचा, सी.आय.ए.चा, पैसा मिळत होता. स्वातंत्र्यावर मनापासून लिहिणाऱ्या माणसाला, आपल्या मानधनाचा उगम एका हेर खात्याच्या तिजोरीत आहे हे वर्तमानपत्रातून कळावे, याहून वाईट थट्टा कोणती? एशिया फाउंडेशनचे नावही त्याच गदारोळात आले आणि १९६८ मध्ये तिला भारतातला गाशा गुंडाळावा लागला. तेव्हा परक्या राज्याचा पैसा धर्मादायाचे उपरणे पांघरून येतो, ही शंका काही भ्रमिष्टाची नव्हे. तो तसा आलेला आहे.

या शंकेतून कायदा झाला तो १९७६ साली. परदेशी देणग्यांचे नियमन करणारा हा कायदा आणीबाणीत संमत झाला. चांगला कायदा वाईट दिवशी जन्माला आला की त्याच्या कुंडलीत काहीतरी राहूनच जाते. १९८२ साली केंद्र सरकारने न्यायमूर्ती कुदाल यांचा आयोग नेमून गांधी शांती प्रतिष्ठान, सर्व सेवा संघ अशा संस्थांच्या मागे परदेशी पैशाची चौकशी लावली. ज्या गांधीवाद्यांनी जयप्रकाशांना साथ दिली होती, त्यांच्याच दारात ती चौकशी नेमकी का गेली, हे कोणाला सांगावे लागले नाही. वर्षानुवर्षे दप्तरे हलत राहिली. चरख्यावर सूत काढणारी वर्ध्याकडची म्हातारी माणसे परक्या सत्तेची हस्तक आहेत की काय, याचा शोध दिल्लीत चालला होता!

पुढे २०१० साली जुन्या कायद्याच्या जागी नवा कायदा आला आणि २०२० च्या दुरुस्तीने तो फारच आवळला. परदेशी देणगी घ्यायची तर दिल्लीच्या संसद मार्गावरच्या स्टेट बँकेतच खाते हवे. मिळालेल्या देणगीतला पाचवा हिस्साच कचेरीखर्चाला वापरता येईल. पूर्वी निम्मा चाले. आणि एका संस्थेने दुसरीला त्यातून काही द्यायचे नाही. म्हणजे शहरातल्या मोठ्या संस्थेने पैसा मिळवावा आणि माण-खटावच्या किंवा जत-आटपाडीच्या छोट्या संस्थेमार्फत तो दुष्काळी गावात पोहोचवावा, ही वाट बंद झाली. २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने ही दुरुस्ती वैध ठरवली. परदेशी देणगी मिळणे हा काही कोणाचा मूलभूत हक्क नव्हे, असे न्यायालयाचे म्हणणे. ते मला पटते. मात्र त्याच न्यायालयाने २०२० साली दुसऱ्या एका खटल्यात असेही सांगितले होते की, संस्थेने लोकांच्या प्रश्नांसाठी बंद-हरताळाला पाठिंबा दिला एवढ्यावरून, तिचा पक्षीय राजकारणाशी संबंध नसताना, तिला राजकीय ठरवून तिचा पैसा अडवता येणार नाही. हेही पटते. दुर्दैवाने पहिला निकाल कचेऱ्यांना तोंडपाठ असतो, दुसरा आठवून द्यावा लागतो. मदर तेरेसांच्या संस्थेची नोंदणी २०२१ च्या ऐन नाताळात नूतनीकरणावाचून अडली आणि नव्या वर्षाच्या पहिल्या आठवड्यात पुन्हा सुरू झाली. मध्यंतरी काय बिघडले आणि काय दुरुस्त झाले हे त्या संस्थेतल्या अनाथ पोरांना कोणी समजावून सांगितले असेल असे वाटत नाही.

आता तिसरा प्रश्न. मनातला. तो विचारण्यासाठी परदेशी पैसा लागतोच असे नाही. प्रा. विष्णू गोविंद विजापूरकरांचे समर्थ विद्यालय १९१० साली तळेगावात सरकारने बंद पाडले, तेव्हा कोणी रोजकीर्द मागितली नव्हती. तिथे पोरांना शिकवतात काय, हेच सरकारला खुपत होते. पण ते परके सरकार होते. आपल्या सरकारची गोष्ट आमच्या साताऱ्यातच घडली.

कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली कऱ्हाडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ साली ती साताऱ्यात आणली. सर्व जातींची मुले एका पंगतीला बसवणारे वसतिगृह त्यांनी धनिणीच्या बागेत चालवले. १९२७ साली गांधीजींनी त्याला छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस असे नाव दिले. मुलांच्या जेवणासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, शेवटी मंगळसूत्रही मोडले, ही कथा साताऱ्यात शाळकरी मुलालाही ठाऊक असते. गांधीजींच्या हत्येनंतर त्यांच्या स्मरणार्थ १०१ हायस्कुले काढण्याचा संकल्प भाऊरावांनी केला. आणि त्याच १९४८ साली मुंबईच्या खेर सरकारने रयतेची ग्रँट थांबवली. भाऊराव सरकारवर उघड टीका करीत. शेतकऱ्यांच्या बाजूने बोलताना त्यांची जीभ तिखट होई, आणि सरकारच्या डोळ्यांवर संस्था आली. बाळासाहेब खेर हे काही जुलमी गृहस्थ नव्हते. सज्जन, विद्वान, गांधींच्या मुशीतले. म्हणूनच ही गोष्ट मला अधिक विचार करण्याजोगी वाटते. सज्जन माणसाच्या हातूनही टीका करणाऱ्याचा राग त्याच्या शाळेतल्या मुलांवर निघू शकतो.

ग्रँट बंद म्हणजे काय, हे शिक्षकाच्या घरी विचारावे. कागदावर तो एक ओळीचा हुकूम असतो. खेड्यात त्याचा अर्थ असा की मास्तरचा पगार थकतो, वाण्याची उधारी थांबते, वसतिगृहाच्या कोठीतले ज्वारीचे पोते तळाला लागते. रयत तगली ती लोकांनी मूठमूठ धान्य आणून घातले म्हणून आणि भाऊरावांनी मान तुकवली नाही म्हणून. गाडगे महाराजांनीही खेरांकडे शब्द टाकल्याचे सांगतात. ग्रँट पुढे पूर्ववत झाली. १९५९ साली भारत सरकारने भाऊरावांना पद्मभूषण दिले. त्याच वर्षी मे महिन्यात ते गेले. हस्तक म्हणा, सरकारविरोधी म्हणा, आणि अकरा वर्षांनी पदक पाठवा. आमच्याकडे हा क्रम अगदीच दुर्मिळ नाही.

अगदी अलीकडची हकीकत सांगायची तर हात थोडा थरथरतो. डॉ. नरेंद्र दाभोलकर हे साताऱ्याचे. सांगलीच्या विलिंग्डन महाविद्यालयात शिकले, तिथे कबड्डी गाजवली, मिरजेच्या वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर झाले. साताऱ्यात त्यांनी व्यसनमुक्तीचे केंद्र उभे केले आणि १९८९ साली महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती स्थापली. त्यांच्या विरोधकांचा एक आवडता आक्षेप म्हणजे समितीला परदेशातून पैसा मिळतो, तिच्या हिशेबात गोलमाल आहे, सरकारने तिचे दप्तर तपासावे. समितीने तो आक्षेप वेळोवेळी नाकारला. दुसऱ्या बाजूला, सनातन संस्थेवर अतिरेकी कारवायांचा संशय घेतला गेला आणि तिच्यावर बंदी घालावी असा प्रस्ताव २०११ साली महाराष्ट्र सरकारने केंद्राकडे पाठवला. मुख्यमंत्री होते कऱ्हाडचे पृथ्वीराज चव्हाण. बंदी आली नाही. संस्थेने सारे आरोप सतत फेटाळले. म्हणजे गंमत पाहा, किंवा गंमत हा शब्द नको, दोन्हीकडची माणसे सरकारला एकच सांगत होती: त्यांच्या घरी जा, त्यांची वही तपासा.

२० ऑगस्ट २०१३ च्या सकाळी पुण्याच्या ओंकारेश्वर पुलावर डॉक्टरांची गोळ्या घालून हत्या झाली. पुढे अकरा वर्षांनी, १० मे २०२४ रोजी, विशेष न्यायालयाने दोघांना जन्मठेप दिली आणि तिघांना निर्दोष सोडले. तपास यंत्रणेने ज्याला सूत्रधार म्हटले होते तो सुटलेल्यांत होता. इतक्या वर्षांत संशयाची भाषणे उदंड झाली. वर्तमानपत्रांचे रकाने भरले. ज्या एका प्रश्नाचे उत्तर आम्हा सातारकरांना हवे होते, गोळ्या झाडणाऱ्यांच्या पाठीशी कोण होते आणि त्यासाठी पैसा कोणी पुरवला, ते मात्र त्या निकालातही मिळाले नाही. इथे खरोखरच सरकारने दुसरा प्रश्न विचारायला हवा होता, नेटाने, वही उघडून, वेळेवर.

बंदी आली ती कशी असते हेही महाराष्ट्राने पाहिले आहे. डॉ. झाकीर नाईक यांच्या मुंबईतल्या इस्लामिक रिसर्च फाउंडेशनवर केंद्राने नोव्हेंबर २०१६ मध्ये पाच वर्षांची बंदी घातली आणि २०२१ साली ती आणखी पाच वर्षांनी वाढवली. त्या कायद्यात एक सोय आहे. बंदी घातल्यावर उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाच्या न्यायाधिकरणापुढे सरकारला कारणे मांडावी लागतात आणि सहा महिन्यांत न्यायाधीशाने ती मान्य करावी लागतात, नाहीतर बंदी उठते. काही कागद मोहोरबंद पाकिटात जातात हे खरे. तरी कोणीतरी तिसरा माणूस ते उघडून वाचतो एवढे तरी होते. परदेशी देणगीची नोंदणी रद्द करताना मात्र आधी असा कोणी तिसरा नसतो. खातेच संशय घेते, खातेच चौकशी करते, खातेच निकाल देते. संस्थेने मग न्यायालयाची पायरी चढावी. तोवर पगार कोणी द्यायचे? आणि त्या फाउंडेशनची मुंबईत एक शाळाही होती. व्याख्याने देणारा परदेशी निघून गेला, आणि गणिताची वही घेऊन बसलेल्या मुलांचे पुढे काय, हा प्रश्न पालकांच्या पदरात पडला. विश्वस्त काढा, संस्था ठेवा, हा १९५० च्या कायद्यातला शहाणपणा अशा वेळी आठवतो.

हे सगळे मोठ्यांचे झाले. आपला काय संबंध, असे वाटत असेल तर एक अगदी घरगुती प्रसंग सांगतो. आमच्या गावच्या एका वाचनालयाच्या कार्यकारिणीवर मी आहे. तिथे लहानपणी रोज संध्याकाळी येऊन बसणारा एक मुलगा आता न्यू जर्सीत असतो. आई गेल्यावर तिच्या नावाने बालविभागाला कपाटे आणि पुस्तके द्यावीत असे त्याच्या मनात आले. तीन लाख रुपये पाठवतो म्हणाला. आमचे खजिनदार बँकेतून निवृत्त झालेले, अक्षर मोत्यासारखे आणि स्वभाव कुलपासारखा. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, “सर, त्याचा पासपोर्ट कुठला?”

मुलाने गेल्याच वर्षी तिकडचे नागरिकत्व घेतले होते. शपथ घेण्यापूर्वी त्याने हेच तीन लाख स्वतःच्या पगारातून बँकेमार्फत पाठवले असते, तर ती भारतीय नागरिकाची देणगी ठरली असती आणि आम्ही तिची साधी पावती फाडली असती. शपथ घेतली आणि तोच पगार, तीच बँक, तोच मुलगा असूनही पैसा परदेशी झाला. वडिलांना किंवा बहिणीला घरखर्चाला त्याने वर्षाला दहा लाखांपर्यंत पाठवले तर सरकारला कळवावेही लागत नाही. वाचनालयाला तीन हजार पाठवायचे तरी आधी नोंदणी हवी. नोंदणीला संस्थेने तीन वर्षांत आपल्या कामावर पंधरा लाख रुपये खर्चलेले हवेत. आमच्या वाचनालयाला तेवढा खर्च करायला दहा वर्षे लागतील. एका देणगीपुरती पूर्वपरवानगी मागता येते, पण तिच्यासाठी दिल्लीत खाते, देणाऱ्याचे पत्र, कामाचा आराखडा आणि बरीच चिकाटी लागते.

“मी ताईला पाठवतो, ताई देईल,” मुलगा फोनवर म्हणाला.

खजिनदारांनी मान हलवली. “दोन हातांतून फिरला तरी पैशाचे गोत्र बदलत नाही. कायद्यात तसे स्पष्ट लिहिले आहे. ताईने स्वतःच्या मिळकतीतले द्यावे, आनंदाने घेऊ.”

“मग नुसती पुस्तके पेटीत घालून आणतो.”

“वस्तूदेखील देणगीच.”

मला त्यांचा राग आला नाही. पावतीपुस्तक त्यांच्या सहीचे आहे. उद्या कोणी वही मागितली तर उभे त्यांना राहायचे आहे. सी.आय.ए.चा पैसा अडवायला विणलेल्या जाळ्यात आईच्या नावाची दोन कपाटे अडकली, यात त्यांचा काय दोष? लहान देणगीला, स्वतःच्या गावच्या संस्थेला, देणाऱ्याचे नाव-गाव उघड असताना एखादी सोपी वाट ठेवायला काय हरकत आहे, हे विचारायचे ते दिल्लीला. मी तसे पत्र लिहिले आहे. पोहोच आली आहे, उत्तर अजून आलेले नाही.

मुलगा या दिवाळीला घरी येणार आहे. पैसे नको, पुस्तके नकोत, तर निदान आठ दिवस संध्याकाळी बालविभागात बसून मुलांना गोष्टी वाचून दाखवीन, असे त्याने कळवले आहे. खजिनदारांनी चष्मा पुसून कायद्याचे पुस्तक पुन्हा उघडले आहे.